पहिल्यांदाच विणकामाचं वर्कशॉप घेताय? मग हे एकदा वाचून घ्या

माझं पहिलं वर्कशॉप पार्ल्यातल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये झालं, बारा जणी होत्या, दोन तास होते, आणि मी यादीत वेणीची वीण, जाळी, दोन रंगांचं काम, गुंड्या आणि वर गोल सुईवरची टोपी असं सगळं घेऊन गेले होते. मनापासून वाटत होतं की लोक पैसे देऊन येतायत तर त्यांना भरपूर मिळायला हवं. दोन तास मी एका खुर्चीकडून दुसऱ्या खुर्चीकडे नुसती पळत होते. शेवटी निघताना एका काकूंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "छान झालं गं, पण खरं सांगू, घरी जाऊन यातलं एकही मला एकटीला जमणार नाही."

ते वाक्य मी विसरलेले नाही. त्यानंतर जेवढी वर्कशॉप घेतली त्यांत मी एकच नियम पाळलाय, तीन तासांत एकच तंत्र शिकवायचं आणि ते चुकलं तर कसं सोडवायचं हे त्याच तीन तासांत शिकवायचं. बाकी खाली जे काही लिहिलंय ते सगळं या एका गोष्टीसाठीच आहे.

काय शिकवायचं ते आधी पक्कं करा

मुंबईत स्वेटर घालायची थंडी जेमतेम आठवडाभर, तेही नशीब असेल तर. तरी आपल्याकडे विणणाऱ्या बायका कमी नाहीत, कारण आपलं विणकाम थंडीसाठी नव्हतंच, ते बाळंतविड्यासाठी होतं. टोपडी, मोजे, दुपटी. आणि रुखवतात मांडायला रुमाल-तोरणं, ती बहुतेक क्रोशाची. त्यामुळे तुमच्याकडे येणाऱ्यांमध्ये निम्म्या जणींना सुलट-उलट, म्हणजे विणकामाचे दोन मूळ टाके, येत असतात, कॉलेजमध्ये असताना आईकडून शिकलेलं, आणि मग वीस वर्षं सुया कपाटात. त्यांना "काहीतरी वेगळं" शिकायचं असतं. उरलेल्या निम्म्या ऑफिसला जाणाऱ्या मुली, व्हिडिओ बघून सुरू केलेल्या, टाके घालता येतात, सुलट येतं, उलट घालताना गोंधळ.

आता या दोघींना एकाच वेळी जमेल असं तंत्र कुठलं? वेणीच्या विणीला उलट टाका पक्का लागतो, शिवाय टाके सुईवरून उतरवून पुढे-मागे न्यायची भीती वाटते. जाळीत सुईवरचा दोऱ्याचा एक फेरा चुकला की टाक्यांची संख्या बदलते आणि चूक चार ओळी झाल्यावर दिसते. फेअर आयल, म्हणजे स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांकडचं रंगकाम, त्यात एकाच ओळीत दोन रंगांचे दोरे सांभाळायचे असतात, पहिल्या दिवशी ते फार होतं.

म्हणून माझं उत्तर सरकत्या टाक्याची वीण. यात एका वेळी हातात एकच रंग असतो, सगळे टाके फक्त सुलट, आणि काही टाके न विणता तसेच उजव्या सुईवर घ्यायचे. खालच्या ओळीतला रंग वर ओढला जातो आणि बघणाऱ्याला वाटतं की दोन रंग एकत्र विणलेत. याच कुळातल्या एका प्रकाराला अमेरिकेतल्या बार्बरा वॉकर यांनी मोझॅइक हे नाव दिलं, तुमच्या लोकांना पुढे आणखी शिकायचं असेल तर हा शब्द सांगून ठेवा, शोधायला सोपं जातं.

मी जी वीण शिकवते ती पूर्ण देते, तिचं आम्ही कोस्टर, म्हणजे कपाखाली ठेवायचा चौकोन, विणतो. टाके ४ च्या पटीत आणि वर ३, म्हणजे कोस्टरसाठी २३. गडद रंगाने २३ टाके घालायचे आणि एक सुई पूर्ण सुलट विणायची. (आपल्याकडे ओळीला सुई म्हणतात तेच मी वापरते, सगळ्यांना कळतं.) मग,

पहिली सुई, फिका रंग: ३ सुलट, मग १ टाका न विणता घ्या, ३ सुलट, असं शेवटपर्यंत.
दुसरी सुई, फिका रंग: पुन्हा तसंच, फिके टाके विणायचे, गडद टाके न विणता घ्यायचे.
तिसरी सुई, गडद रंग: १ सुलट, मग १ न विणता, ३ सुलट असं करत जा, शेवटी १ न विणता आणि १ सुलट.
चौथी सुई, गडद रंग: तिसरीसारखीच, गडद टाके विणायचे, फिके तसेच घ्यायचे.

या चार सुया परत परत. न विणता घ्यायचा टाका नेहमी उलट टाक्याला घालतो तशी सुई घालून घ्यायचा, नाहीतर तो पिळला जातो. आणि दोरा कायम कापडाच्या मागच्या बाजूला राहिला पाहिजे, म्हणजे समोरच्या (पहिल्या, तिसऱ्या) सुईला तो मागे असेल आणि परतीच्या (दुसऱ्या, चौथ्या) सुईला तुमच्याकडे. परतीच्या सुईला त्यामुळे दोरा सारखा पुढे-मागे करावा लागतो, टाका घ्यायच्या आधी पुढे आणा, घेतल्यावर विणायला परत मागे न्या. सगळा गोंधळ इथेच होतो, तेव्हा हे एक पाऊल सावकाश शिकवा.

यातली सगळ्यात गोड गोष्ट ही की परतीच्या सुईला काही लक्षात ठेवावं लागत नाही. हातात जो रंग आहे त्याच रंगाचे टाके विणायचे, दुसरे उचलून घ्यायचे. हे पहिल्यांदा लक्षात येतं तेव्हा बायकांचे चेहरे बघण्यासारखे असतात, वर्कशॉप घ्यावंसं वाटतं ते त्या एका क्षणासाठी.

तुम्ही दुसरं तंत्र निवडलंत तरी चालेल, पण स्वतःला विचारा, यात एका वेळी नवीन गोष्टी किती आहेत? दोनपेक्षा जास्त असतील तर ते तंत्र दुसऱ्या वर्कशॉपसाठी ठेवा.

सामान

सुयांच्या नंबरावरून सगळ्यात जास्त घोळ होतो. आपल्याकडच्या सुयांवर जुना ब्रिटिश नंबर असतो आणि त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. ८ नंबर म्हणजे ४ मिमी, १० नंबर म्हणजे ३.२५ मिमी, ६ नंबर म्हणजे ५ मिमी. अमेरिकन पद्धतीत उलटं, तिथला ८ नंबर म्हणजे ५ मिमी. कोणी ऑनलाइन अमेरिकन मापाच्या "८ नंबर" सुया मागवून आणल्या तर तिचं कोस्टर निघेल बशीएवढं. म्हणून मेसेजमध्ये, कागदावर, बोलताना सगळीकडे मिमीच लिहा. कोस्टरला ४ मिमी आणि मध्यम जाडीची लोकर, जिला दुकानात डबल निट किंवा डीके म्हणतात.

सुई कशाची हेही महत्त्वाचं. अ‍ॅल्युमिनियमची गुळगुळीत असते, सरावलेला हात त्यावर पळतो पण नवीन हाताचे टाके निसटतात. बांबूच्या सुईला जरा पकड असते. पण मुंबईच्या दमट हवेत तळहात घामेजले की अ‍ॅक्रिलिकची लोकर बांबूवर किंवा प्लॅस्टिकवर अडकायला लागते, मग बायका टाके अजून घट्ट ओढतात. मी दोन्ही प्रकार नेते, चार-पाच जोड्या जास्तीच्या, आणि पाच मिनिटं विणून बघा म्हणते. टाल्कम पावडरचा छोटा डबा पण ठेवा, हसू नका, खरंच उपयोगी पडतो.

लोकर साधी अ‍ॅक्रिलिक, एकसारख्या जाडीची. वर्धमान, ओसवाल, गंगा यांचे गुंडे मिळतात, शिकायला चांगले आहेत. केसाळ, चकचकीत किंवा रंग बदलत जाणारी लोकर पहिल्या वर्कशॉपला अजिबात नको, टाका दिसतच नाही. काळा रंग पण नको, गडद म्हणजे विटकरी, मोरपिशी, जांभळा असं काहीतरी, आणि फिका म्हणजे मोती किंवा हळदी. ट्यूबलाइटखाली नेव्ही ब्लू सुद्धा काळाच दिसतो हे मला हॉलमध्ये जाऊन कळलं. एकाच रंगाचे सगळे गुंडे एकाच लॉटचे घ्या, लेबलवर नंबर असतो. सुती दोरा कोस्टरला वापरायला उत्तम पण तो ताणला जात नाही, नवीन हाताची बोटं दुखतात, तो त्यांनी घरी वापरावा. अ‍ॅक्रिलिकवर गरम इस्त्री फिरवायची नाही हे मात्र सांगून ठेवा, कापड कायमचं लुळं पडतं.

एका जणीला प्रत्येक रंगाची २० ग्रॅम लोकर पुरून उरते, म्हणजे १०० ग्रॅमच्या एका गुंड्यात पाच जणी. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजून छोटे गुंडे करून ठेवा. किटमध्ये सुया, दोन गुंडे, एक बोथट टोकाची सुई, दोन सेफ्टी पिना. तुमच्या पिशवीत क्रोशाची ३.५ मिमीची सुई, कात्री, मोजपट्टी आणि एखादा जवळचा चष्मा. दुकान म्हणाल तर दादरला चक्कर मारा, लेस-बटणं-बारीकसारीक भुलेश्वरला, पण एकाच रंगाचे दहा गुंडे हवे असतील तर आधी फोन करून विचारा, दुकानात गेल्यावर चारच निघतात.

आणि एक काम, जे कंटाळवाणं आहे पण ज्याने माझी वर्कशॉप वाचली. प्रत्येकीसाठी टाके घालून, दोन पूर्ण नमुन्याच्या सुया, म्हणजे आठ सुया, विणून न्या. टाके घालण्यातच बारा जणींचा पाऊण तास जातो, कोणी २२ घालतं कोणी २५, आणि जे शिकायला त्या आल्या ते सुरूच होत नाही. तयार तुकडा हातात मिळाला की पहिल्याच मिनिटाला समोर वीण दिसते, आपण कुठे चाललोय ते कळतं. टाके घालणं शेवटी दाखवा, वेळ उरला तर.

आधी दोघींवर करून बघा

वर्कशॉपच्या दोन आठवडे आधी घरी दोघींना बोलवा, एक जी विणते आणि एक जिला जेमतेम येतं. चहा करा, घड्याळ लावा आणि त्यांना शिकवा. स्वतःच्या हाताने वेळ मोजू नका, मला जे दहा मिनिटांत होतं त्याला नवीन हाताला अर्धा तास लागतो. पूर्ण कोस्टरच्या २३ टाके आणि ४४ सुया म्हणजे हजाराच्या वर टाके होतात. माझ्याकडे आलेल्या नवीन मुली मिनिटाला बारा-पंधरा टाके विणतात, म्हणजे नुसतं विणायलाच सव्वा तास, आणि त्यात थांबणं, उसवणं, गप्पा, चहा. म्हणून "कोस्टर पूर्ण करून घरी न्या" असं जाहिरातीत कधीच लिहू नका. "अर्धं इथे, उरलेलं घरी एकटीने" असं लिहा, कारण एकटीने होणं हेच तर हवंय.

या सरावात त्या दोघी जिथे अडकतील ते लिहून ठेवा. माझ्या शेजारणीने पाचव्या मिनिटाला विचारलं, "न विणता घ्या म्हणजे सुईत सोडून द्यायचा का?" मला वाटलंच नव्हतं की हे वाक्य असं ऐकू येईल. तेव्हापासून मी "डाव्या सुईवरून उजवीवर नुसता सरकवा" म्हणते.

तारीख, जागा, पैसे

तारीख ठरवताना कॅलेंडरच्या आधी लोकलचा विचार करा. रविवारी कुठल्या ना कुठल्या लाइनवर दुरुस्तीचा ब्लॉक असतोच, आणि तो बहुतेक वेळा सकाळी उशिरा सुरू होऊन दुपारी चारच्या आसपास संपतो, म्हणजे तुमच्या वर्कशॉपच्या नेमका आडवा. डोंबिवलीहून दादरला येणारी बाई तासभर उशिरा पोचली तर चूक तिची नाही. मी शनिवारी दुपार घेते, अडीच ते साडेपाच. खिडकीतून उजेड पण मिळतो. जुलै-ऑगस्टमध्ये शक्यतो नको, गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस तर कोणी फिरकतच नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मस्त.

जागा म्हणजे सोसायटीचा हॉल, महिला मंडळाची खोली, एखाद्या मैत्रिणीचा मोठा हॉल, काहीही चालतं. बघायचं एवढंच, लिफ्ट आहे का, बाथरूम आहे का, खुर्च्यांना हात नसलेले बरे कारण कोपर अडकतं, आणि पंखा थेट डोक्यावर नको, गुंडे घरंगळतात. पत्ता देताना स्टेशन आणि पूर्व की पश्चिम हे पहिल्या ओळीत लिहा. आठ जणींच्या वर घेऊ नका. आठ म्हणजे प्रत्येकीजवळ तासात पाच-सहा मिनिटं बसता येतं, बाराला ते होत नाही, मी करून बघितलंय.

पैशाचं बोलायला आपण लाजतो, त्यामुळे नुकसान होतं. साधा हिशेब करा. समजा हॉलचे १५०० रुपये, तुमच्या येण्याजाण्याचे आणि सामान उचलायचे ३००, आणि माणशी किट २५०, चहा-खाणं ५०, प्रिंट २०. आठ जणींचे झाले २५६० आणि वरचे १८००, एकूण ४३६०. म्हणजे माणशी ५४५ रुपये नुसता खर्चच. ९०० फी ठेवली तर ७२०० जमतात आणि हातात २८४० राहतात. दोघी आल्या नाहीत तर ५४०० जमतील, खर्च ३७२० होईल, उरतील १६८०. आता त्यात तयारीचे तास धरा, आठ तुकडे विणायचे, गुंडे करायचे, कागद लिहायचा. मैत्रिणी म्हणतील एवढी फी कशाला. तुमच्या हाताच्या वीस वर्षांची ती फी आहे, मोकळेपणाने सांगा. पैसे आधीच यूपीआयवर घ्या, आणि तीन दिवस आधीपर्यंत रद्द केलं तर परत, नंतर किट घरपोच पण पैसे नाहीत, असं मेसेजमध्येच लिहून टाका.

मेसेज छोटा ठेवा. काय शिकवणार, काय येत असलं पाहिजे, कुठे, कधी, किती. "काय येत असलं पाहिजे" इथे "विणकामाची आवड" असं गोल गोल नको, "सुलट टाका न बघता नाही, बघून का होईना, पण घालता येतो" असं स्पष्ट. तरीही एखादी अशी येईल जिला तेही येत नाही, तिची सोय पुढे सांगते.

कागदावर वीण तुमच्या शब्दांत लिहा, मोठ्या अक्षरात, एकाच पानावर. दुसऱ्याच्या पुस्तकातलं पान झेरॉक्स करून वाटू नका, ते कोणाचं तरी काम आहे. शेजारी चौकटींचा तक्ता काढा, फिका-गडद रंगवून. काही जणींना शब्द कळतात आणि काहींना फक्त चित्र.

वर्कशॉपच्या दिवशी

तासभर आधी पोचा. खुर्च्या गोल किंवा यू आकारात. तुम्ही समोर बसलात तर त्यांना सगळं आरशासारखं उलटं दिसतं, म्हणून दाखवताना शेजारी बसा किंवा पाठीमागे उभं राहून त्यांच्या खांद्यावरून दाखवा. डावखुरी कोणी असेल तर मात्र तिच्या समोरच बसा, तिला आरसाच हवा असतो. मोठ्या प्रात्यक्षिकासाठी मी १० मिमीच्या सुया आणि जाड लोकर वापरते, शेवटच्या खुर्चीवरून टाका दिसतो. हॉलमध्ये टीव्ही असेल तर फोन स्टँडवर उलटा लावून हात दाखवता येतात, पण वायर चालेल का ते आदल्या दिवशी बघा.

पहिली पंधरा मिनिटं असं काही ठेवा की जे चुकलं तरी चालेल, कारण कोणीतरी उशिरा येणारच. मी विणलेले नमुने फिरवते, हातात घ्या, उलटवून बघा, मागची बाजू बघा. नावं सांगा आणि शेवटचं काय विणलं होतं ते सांगा. या प्रश्नाला फार छान उत्तरं येतात, कोणी नातवासाठी मोजे, कोणी लोकलमध्ये बसून विणलेली ओढणी, आणि तुम्हाला बसल्या बसल्या कळतं की कोणाचा हात किती तयार आहे.

मग वीस मिनिटं हात मोकळे करायला एका वेगळ्या तुकड्यावर नुसतं सुलट. जिला येत नाही तिला याच वेळात शिकवायचं. मी म्हणते, "आत जा, दोरा घे, बाहेर ये, टाका दे." चार शब्दांवर चार हालचाली. मोठ्याने म्हणायला लावा, दहा मिनिटांत तोंड थांबतं आणि हात चालतो. तिला आज पूर्ण तुकडा सुलटच विणू दे, दोन-दोन सुयांवर रंग बदलून पट्टे होतात, ती रिकाम्या हाताने जात नाही.

त्यानंतर खरी वीण. पहिल्या दोन सुया सगळ्या मिळून, एकेक टाका बोलत. पुढच्या दोन त्यांनी, मी फिरणार. मग गप्प बसायचं. हे फार अवघड आहे, सांगून ठेवते. तुम्हाला सारखं काहीतरी सांगावंसं वाटतं, पण मोजणारी बाई मोजत असते आणि तुमच्या आवाजाने तिचा आकडा जातो. आणि दुसऱ्याच्या हातातून सुया काढून घेऊन स्वतः विणून देऊ नका. विचारून हात लावा, दाखवायचं असेल तर तुमच्या सुयांवर दाखवा.

चाळीस मिनिटं झाली की सगळ्यांना सुया खाली ठेवायला सांगा, मनगटं फिरवा, खांदे सोडा. चहा बरोबर मध्यावर. खाण्यात तेलकट काही नको, भजी नाही, वडे नाही, लोकरीला डाग लागतात. शंकरपाळी, खाकरा, खारी बिस्किटं ठीक.

चहानंतर मुद्दाम चुकवा

चहानंतरचा पाऊण तास फक्त चुकांसाठी. मी सगळ्यांना सांगते, सुईवरून एक टाका काढा. कोणी काढत नाही! वीस वर्षं विणणाऱ्या बाईलाही टाका सोडायची भीती असते. म्हणून मी आधी विणून आणलेला साधा तुकडा देते, समोरून सुलट आणि परतीला उलट विणलेला, त्यावर टाका सोडायचा, चार सुया खाली जाऊ द्यायचा, शिडी दिसते. मग क्रोशाची सुई समोरून त्या टाक्यात घालायची, शिडीचा सगळ्यात खालचा दांडा पकडून टाक्यातून ओढायचा, मग वरचा, मग त्याच्या वरचा. चौथ्या दांड्याला टाका परत सुईवर. एकीने हे केलं आणि म्हणाली, "एवढंच होतं? यापायी मी आख्खा स्वेटर उसवला होता." मला अगदी भरून आलं तेव्हा.

सरकत्या टाक्याच्या विणीत खाली गेलेला टाका असा उचलणं नवीन हाताला कठीण जातं, कारण तिथे आडवे दोरे कधी पुढे कधी मागे असतात. तिथे आधी सेफ्टी पिन लावायची, मग घाबरायचं. आणि उपाय म्हणजे जीवनदोरी, हे नाव माझंच आहे. दर आठ सुयांनी बोथट सुईत वेगळ्या रंगाचा साधा दोरा ओवून तो सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून घालून ठेवायचा. पुढे काहीही बिघडलं तरी उसवणं त्या दोऱ्याशी थांबतं, तिथून टाके परत सुईवर घ्यायचे. प्रत्येकीकडून एकदा घालून घ्याच.

बाकी ज्या चुका हमखास होतात त्या अशा. टाके २३ चे २४ झाले, तर पहिला टाका बघा, दोरा सुईवरून मागे ओढला गेला की एका टाक्याचे दोन पाय दोन टाक्यांसारखे दिसतात आणि दोन्ही विणले जातात. मध्येच भोक पडून टाका वाढला असेल तर दोरा पुढेच राहिला होता आणि तसंच विणलं गेलं. कापड मध्ये आवळलं, सुरकुत्या पडल्या, तर न विणलेल्या टाक्यामागचा दोरा घट्ट ओढलाय, उजव्या सुईवरचे टाके पसरवून घ्यायचे आणि मग पुढचा विणायचा. सगळंच घट्ट असेल, सुई आत जात नसेल, तर ती बाई सुईच्या टोकावर विणतेय, तिथे सुई निमुळती असते, टाका सुईच्या पूर्ण जाडीवर सरकवून मग सोडायला सांगा. गडद पट्ट्यात फिके ठिपके दिसलेच नाहीत तर तिसऱ्या सुईची सुरुवात चुकलीय, बहुतेक वेळा ३ सुलट घेऊन. एकेक टाका मागे विणत परत यायलाही शिकवा, डाव्या सुईचं टोक खालच्या टाक्यात घालायचं, वरचा दोरा ओढून काढायचा. हळू आहे पण एक टाकाही सुटत नाही.

चूक दिसली की लगेच सांगू नका. "तुझा नमुना आणि कागद बाजूला ठेवून बघ, काही वेगळं दिसतंय का?" असं विचारा. तिला स्वतःला सापडली तर घरी पण सापडेल.

माणसं

प्रत्येक वर्कशॉपमध्ये एक आजी असतात ज्यांचा दोरा तुमच्यापेक्षा वेगळा फिरतो. डाव्या हातात धरतात, किंवा गुंडाळताना उलट दिशेने घेतात आणि मग टाक्याच्या मागच्या पायातून विणतात. कापड बघा. टाके सरळ बसलेत, पिळलेले नाहीत, तर त्यांची पद्धत बरोबरच आहे. "आजी, तुमचा हात असाच राहू द्या" म्हणा, आणि जमलं तर दोन मिनिटं त्यांनाच दाखवायला सांगा. मी एका आजींकडून टाके बंद करायची सैल पद्धत शिकले, विणायच्या सुईपेक्षा एका मापाने जाड सुई घेऊन, आता तीच सगळ्यांना सांगते.

एखादी भरभर पुढे जाते. तिला शेजारणीला शिकवायला लावू नका, ती पण शिकायला आलीय. तिच्यासाठी दुसरा नमुना तयार ठेवा, तोच पण ३१ टाक्यांवर आणि तीन रंगांत. एखादी अगदी रडवेली होते, विशेषतः जिला आईने शिकवलं होतं आणि आई आता नाही. तिच्याजवळ नुसतं बसा, विणत. पुरुष येत असतील तर छानच, फक्त मेसेजमध्ये "मैत्रिणींनो" लिहू नका, त्यांना वाटतं आपल्याला बोलावलंच नाही.

शेवटचा अर्धा तास

टाके बंद करणं तुमच्या नमुन्यावर सगळ्यांना दाखवा आणि त्याचा छोटा व्हिडिओ त्यांना त्यांच्या फोनवर काढू द्या, कारण ते त्या घरी करणार आहेत. दोऱ्यांची टोकं कशी लपवायची तेही. मग फोटो, अर्धवट तुकड्यांचेच, चेहरे यायला नको असतील तर नुसते हात. चिठ्ठीवर दोनच प्रश्न: कुठे अडकलात, आणि घरी गेल्यावर काय विणणार. "कसं वाटलं" विचारलं की सगळ्या छान म्हणतात, त्याचा काही उपयोग होत नाही.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पंधरा दिवस चालू ठेवा, आणि आधीच सांगा की पंधरा दिवसांनी बंद होईल. रात्री अकराला कोणीतरी चुकलेल्या कोस्टरचा फोटो टाकेल. लगेच उत्तर न देता सकाळपर्यंत थांबले, तर बहुतेक वेळा तोवर दुसऱ्याच कोणीतरी सांगितलेलं असतं की अगं, तिसऱ्या सुईला एक सुलटनेच सुरुवात आहे.

उधार दिलेल्या सुया मोजून घ्या, जोड्या जुळवून रबर लावा, आणि त्याच रात्री, दमलेल्या असलात तरी, वहीत लिहा की कोणत्या मिनिटाला काय चाललं होतं आणि लोकर किती उरली. माझी पहिली वही दादर स्टेशनच्या बाकावर लिहिलेली आहे, पहिल्याच ओळीत त्या काकूंचं वाक्य आहे. त्या काकू पुढच्या वर्षी परत आल्या, सहा कोस्टर घेऊन.